चालत्या मशिनीची पूजा

सहादेवला थांबणं कधी जमलंच नाही. ताटात दुसरी भाकरी पडेपर्यंत त्याचा हात धुऊन झालेला असे, आणि चौकातल्या सिग्नलला उभं राहावं लागू नये म्हणून तो दोन गल्ल्या जास्तीच्या फिरून घरी येई. सातव्या महिन्यातच बाहेर आला तो, तेव्हापासून पळतोच आहे, असं त्याची आई लंकाबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगे. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करणाऱ्या एका कंपनीत तो डिझाइनला होता. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात कसं पसरेल, कुठे आधी गोठेल, कुठे हवा अडकून बुडबुडा राहील, हे पोलाद कापण्याआधी कॉम्प्युटरवर पाहायचं, हे त्याचं काम. एकेका साच्याचं गणित सुटायला कंपनीच्या मशिनीला अख्खी रात्र लागे, आणि ती वाट बघण्यात सहादेवचा जीव निम्मा होई.

मग गौरी-गणपतीच्या सुमारास लंकाबाईचे पाय सुजले. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागू लागली. नगरच्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून पाहिलं, हृदय फार थकलंय म्हणाले, आणि सहादेवला बाहेर नेऊन एवढंच सांगितलं की, यंदाची दिवाळी घरीच, सगळ्यांनी मिळून करा. त्या 'सगळ्यांनी मिळून'चा अर्थ कळायला सहादेवला दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत वेळ लागला. खाली आल्यावर तो पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर हात ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठे जायची घाई नव्हती.

त्याने मालकाकडे घरून काम करायची परवानगी मागितली. मालक भला माणूस, हो म्हणाला, पण कामं अडायला नकोत एवढी अट घातली. तेव्हा सहादेवने ठरवलं, घरीच अशी मशीन जोडायची की जी कंपनीच्या मशिनीपेक्षा दुप्पट वेगाने गणितं सोडवेल. कामातून वेळ वाचवायचा आणि वाचलेला सगळा वेळ आईला द्यायचा. हिशेब सरळ होता.

झेंडीगेटजवळ लालमहंमदचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निकालात निघालेल्या मशिनी त्याच्याकडे पोत्यांनी येत. सहादेवला जे हवं ते त्याने माळ्यावरून काढून दिलं. एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर बसतील असा, कुणा हौशी माणसासाठी निघालेला मदरबोर्ड, आणि बंद पडलेल्या सर्व्हरमधले दोन तगडे प्रोसेसर. "दोन डोक्यांचं जनावर आहे साहेब," लालमहंमद म्हणाला, "खायला घालायची ताकद पाहिजे."

ते जनावर सहादेवने पुढच्या खोलीत जोडलं, कारण इन्व्हर्टरची तार तिथेच होती, आणि लंकाबाईची कॉटही तिथेच होती. सून कणीक कशी मळते हे बघावं तशी ती त्याच्या हातांकडे बघत बसे. त्याने प्रोसेसरच्या पाठीवर बोटाने लेप लावला, वर, त्यांची उष्णता ओढून घ्यायला, पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांचे दोन उंच मनोरे चढवले, त्यांना पंखे अडकवले, वायरी एकीमागे एक वळवून बांधल्या. दोन कशाला, असं तिने विचारलं. एकाने भागत नाही, एक दमला की दुसरा असतो, असं त्याने समजावलं.

"मग मलाबी एक बसीव," ती म्हणाली.

तो हसला, पण स्क्रू त्याच्या हातून खाली पडला आणि तो शोधायला त्याला बराच वेळ लागला.

आता सहादेवसारख्या माणसाचं एवढ्यावर भागणार नव्हतं. प्रत्येक प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. ठोका पडला की एक पाऊल काम, पुन्हा ठोका, पुन्हा पाऊल. हा ठोका कारखान्यातूनच ठरवून दिलेला असतो, पण काही बोर्डांवर तो हाताने वाढवता येतो. वाढवला की काम झपाट्याने होतं आणि मशीन तापते. तो थोडा ठोका वाढवी, थोडी वीज जास्त देई, पंख्यांचा वेग चढवी आणि पुन्हा पहिल्यापासून. राजनंदिनी, त्याची बायको, कपडे घड्या घालता घालता म्हणाली, "आईंना बीपी उतरायची गोळी द्यायची आणि मशिनीचा बीपी चढवायचा. बरं चाललंय तुमचं." तिला मशिनीचा राग नव्हता. पण घरात आजारी माणूस असताना नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, हे तिला पाहवत नसे.

ठोका वाढवल्यावर मशीन टिकते का ते बघायला ती दिवसभर पूर्ण ताणावर चालवावी लागते. मध्ये थांबवली की चाचणी फुकट. आणि सहादेवची चाचणी नेमकी खंडेनवमीच्या दिवशी चालू होती.

लंकाबाईचा नवरा हयात असेपर्यंत एमआयडीसीत लेथ चालवायचा. खंडेनवमीला तो पाने, पट्ट्या, मापाची हत्यारं पुसून घरी आणी आणि लंकाबाई ती पाटावर मांडून पूजा करी. यंदा आपल्या हाताने मशिनीची पूजा करायची, असं तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिची मोठी जाऊ गोजरबाई राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या वस्तीवरून झेंडू आणि आपट्याच्या फांद्या घेऊन मुद्दाम आली होती. राजनंदिनीने ताट केलं आणि नवऱ्याला म्हणाली, बंद करा आता घटकाभर. सहादेवने सांगितलं की संध्याकाळपर्यंत बंद करता येणार नाही. पूजा काय, मशिनीच्या डब्याची बाहेरूनच करायची आहे.

लंकाबाईला खुर्चीवर बसवून मशिनीसमोर आणलं. तिने झेंडूचा हार घातला आणि हळदीकुंकवाची चिमूट पुढे केली. समोरचा पंखा हवा आत ओढत होता. बोटं टेकायच्या आतच कुंकू चिमटीतून सुटलं, लाल धुरासारखं जाळीतून आत गेलं, आणि काचेच्या बाजूने पाहिलं तर दोन नंबरच्या प्रोसेसरच्या मनोऱ्यावर पापुद्र्यापापुद्र्याला बसलं होतं. सगळे हसले. मशिनीने हात पुढे करून घेतलं म्हणायचं, असं राजनंदिनी म्हणाली.

गोजरबाई हसली नाही. तिने विचारलं, ही चालू हाय का बंद?

"चालू आहे काकू," सहादेव म्हणाला.

"हत्यार आधी थांबवत्यात. धुत्यात, पुसत्यात, इसाव्याला बसवत्यात, मंग पूजत्यात. पूजा म्हंजी इसावाच की रं तेंचा." मग ती जावेकडे वळली. "हिनं तर घेतला न्हाई. मंग इसावा दिलास कुनाला, लंके?"

"मीच घेते की," लंकाबाई म्हणाली. "लई दमलेय."

दुसऱ्या दिवशी दसरा. घटातलं धान, ते अंधारात वाढलेले पिवळे लुसलुशीत अंकुर, राजनंदिनीने सासूच्या अंबाड्यात खोवले. मशीन चाचणीतून पार पडली होती. सहादेवला एकच गोष्ट खटकत होती. एक नंबरचा प्रोसेसर तापायला हवा तेवढाच तापला होता. दोन नंबरचं तापमान मात्र खोलीपेक्षाही खाली दाखवत होतं, आणि चालत्या मशिनीत ते शक्य नव्हतं. त्याने लालमहंमदला फोन केला. तो म्हणाला, जुना माल आहे, सेन्सर खोटं बोलतो, हात लावून बघा. सहादेवने डब्याची बाजू उघडून मनोऱ्याला बोट लावलं. तो माठाच्या पोटासारखा गार होता. कुंकू अजून तसंच होतं, आणि त्याच्यावर पंख्याचा वारा जोराने येत असूनही एक कण हलत नव्हता.

त्या आठवड्यापासून लंकाबाईला बरं वाटू लागलं. धाप थांबली. ती पडून झोपू लागली, नाहीतर महिनाभर तिने बसूनच डोळे मिटले होते. कोजागिरीनंतर डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा जरा गोंधळला. नाडी फार सावकाश आहे, म्हणाले, पण नियमित आहे, सूज वाढलेली नाही, आहे ते चालू ठेवा. सहादेवने परत येताना पेढे घेतले. मशीनही झकास चालली होती. रात्रभराची गणितं जेवणं होईपर्यंत उरकत होती, आणि तो दुपारभर आईजवळ खुर्ची ओढून बसू शकत होता. बाहेर मालाचे ट्रक जात, कुठल्याशा कारखान्याचा भोंगा होई, खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून कॉटकडे सरके. आई हळूहळू काहीबाही बोले, तो ऐके. इतकं सुख आपल्याला पूर्वी कधी मिळालं होतं, ते त्याला आठवेना. त्या आनंदात त्याने ठोका आणखी एक पायरी चढवला.

आधी राजनंदिनीच्या लक्षात आलं. तिने सकाळी सासूच्या हातात चहा दिला. अंघोळ, देवपूजा, कुकर सगळं उरकून ती परत आली, तेव्हा कप लंकाबाईच्या हातातच होता, ओठांपासून बोटभर लांब. गार झाला असेल, आणा, तापवून देते, असं म्हणत तिने कप घेतला, आणि तिचं बोट भाजलं.

तिने हे नवऱ्याला सांगितलं. सहादेव इंजिनियर माणूस, त्याने थायरॉइडची तपासणी करून आणली. काही निघालं नाही. पण मग त्याचंही लक्ष जाऊ लागलं. आई पापणी मिटे आणि ती उघडेपर्यंत त्याचं एक पान वाचून होई. तिला घास भरवायला अख्खी दुपार लागे. ती दिवसाकाठी जेमतेम दोन घास खाई, तरी वाळत नव्हती. नखं वाढत नव्हती. दसऱ्याला खोवलेलं धान धनत्रयोदशीलाही तिच्या अंबाड्यात तसंच पिवळं, ओलसर होतं, आणि राजनंदिनीला ते काढायचा धीर होत नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर एका साच्याचं गणित चुकत होतं म्हणून मशीन मूळ ठोक्यावर आणावी लागली. सहादेवने ती आणली आणि चहा करायला आत गेला, तर बाहेरून आईच्या खोकल्याचा आवाज आला. धाप, घाम, निळे पडलेले ओठ. तो धावत आला, आधी तिला धरलं, मग काय सुचलं कोण जाणे, एका हाताने ठोका परत चढवला. धाप ओसरली. हळूहळू नव्हे, एकदम. योगायोग असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून पाहिलं. तिसऱ्यांदा करून बघायची त्याला लाज वाटली.

त्यानंतर मशीन थांबली नाही. काम नसलं तरी तो जुनीच गणितं पुन्हा लावून देई. लालमहंमदकडून आणखी दोन बॅटऱ्या आणून जोडल्या. डॉक्टरांची दिवाळी आली आणि गेली. पाडवा झाला, भाऊबीज झाली, लंकाबाई कॉटवर उशीला टेकून बसलेली होती, जिवंत होती. सिग्नल चुकवून गल्लीतून यावं तसं आपण आईला आणलं, असं सहादेवला वाटलं, आणि पणत्या लावताना तो चक्क गुणगुणत होता.

तिची नजर तेवढी बदलत होती. दसऱ्याच्या सुमाराला ती दाराकडे पाहत असे. दिवाळीत नजर दाराच्या अलीकडे, चपलांच्या रॅकपाशी आली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत कॉटच्या पायथ्याशी. सहादेवला वाटलं, आई मलाच शोधतेय. मग एके दिवशी तो नेहमीसारखा खुर्चीवर बसला आणि पाहतो तो आई सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याचे डोळे भरून आले. नजर त्याच्या चेहऱ्यापेक्षा थोडी वर होती, पण म्हातारपणी डोळे असे चुकतातच.

एवढं असूनही तो सुखी नव्हता, हे त्याने राजनंदिनीला नाही तरी स्वतःशी कबूल केलं. आईला द्यायचा म्हणून वाचवलेला वेळ त्याच्याकडे ढिगाने पडला होता आणि घ्यायला आई नव्हती. ती समोर होती. तिचा हात उबदार होता. पण त्याने सकाळी काही विचारलं तर तिच्या कपाळावर त्याची आठी दुपारी उमटे. मार्गशीर्ष लागला तेव्हा ठोका इतका वर गेला होता की, कुठलाही शहाणा माणूस त्या मशिनीच्या खोलीत झोपला नसता. एक नंबरचा मनोरा हात लावू देत नव्हता. दोन नंबरच्या मनोऱ्यावर सकाळी दव धरे.

एका दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरने भार उचलायला पापणी लवण्याइतका उशीर केला आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागली. पंखे थांबले. सहादेव खुर्चीवरच होता. लंकाबाईने खोल श्वास घेतला, खोकली, आणि अगदी ठसठशीत, रोजच्या आवाजात म्हणाली,

"सादू, ऊठ ति..."

पंखे घुमले. मशीन आपल्या ठोक्याला लागली. लंकाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तो दिवस गेला, दुसरा गेला. ओठ तेवढेच विलग, जीभ दातांमागे टेकलेली. राजनंदिनी चमच्याने पाण्याचा थेंब सोडी आणि पदराने ओठ टिपून घेई. सहादेवने आईच्या तोंडाजवळ कान नेला. पंख्यांच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता, जात्यासारखा, खालच्या पट्टीतला, न तुटणारा. तो मशिनीचा नव्हता. तो आईच्या गळ्यातून येत होता, आणि तो तिचाच आवाज होता.

ऊठ. त्याला दुसरं काही सुचेना. जेवताना ऊठ, काम करताना ऊठ. ती त्याला का उठवत होती? पाणी हवं होतं? काही दुखत होतं? का ती म्हणत होती की, ऊठ आणि हे सगळं बंद कर? त्याला ते ऐकायचं होतं, आणि ऐकायचं तर मशीन थांबवायला हवी होती. मशीन थांबली की काय होणार, हे त्याला डॉक्टरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

चंपाषष्ठीला राजनंदिनीने वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले. नैवेद्य दाखवला, नवऱ्याला ताट वाढलं, आणि ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर जेवायला न बसता कॉटच्या कडेला सासूजवळ जाऊन बसली.

"अहो," ती म्हणाली, "आईंच्या तोंडात शब्द अडकलाय. आपण घास गिळतोय आणि त्या तोंड उघडं ठेवून बसल्यात. किती दिवस?"

सहादेवने मशिनीकडे पाहिलं.

"मशीन पुढे चालू राहू दे म्हणत असाल तर राहू दे. मी करीन सगळं त्यांचं. पण तेवढा शब्द येऊ द्या."

त्याने ताट बाजूला सारलं. हात धुतले. मग खुर्ची आईच्या जवळ, नेहमीच्या जागी ओढून तो बसला आणि एका हातात आईचा हात घेतला. दुसऱ्या हाताने त्याने मशिनीचं बटण दाबून धरलं.

पंखे मंदावले. थांबले.

दसऱ्यापासून त्या घरात शांतता अशी झालीच नव्हती. बाहेरच्या झाडावरचे बुलबुल ऐकू आले. कुठेतरी दुपारच्या पाळीचा भोंगा झाला आणि संपला.

"...तिथनं," लंकाबाई म्हणाली. "पाव्हणं कवाचं हुबं हाय. बसू दी त्यांला."

सहादेव उठला. आईने सांगितलं की उठायचं, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं. तो उठून बाजूला झाला आणि मग त्याला कळलं की, ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्याने सोडलेल्या खुर्चीच्या मागे, वर होती. मग ती खाली आली. कुणीतरी वाकून बसावं, तितक्या बेताने खाली आली, आणि खुर्चीच्या पाठीपाशी थांबली.

लंकाबाईने हात सोडवून घेतला. तिने डोक्यावरून पदर घेतला, कपाळापर्यंत.

"लई वाट बघाया लावली तुमाला," ती खुर्चीला म्हणाली. "प्वार धाकटं हाय. समजत न्हाई त्याला."

धाप लागली नाही. खोकला आला नाही. तिने एकदा सहादेवकडे पाहिलं, खरोखर त्याच्याकडे, आणि तिचे डोळे हसले. मग मान उशीवर कलली. अंबाड्यातलं धान चुरगळून, तपकिरी होऊन तिच्या खांद्यावर सांडलं.

सहादेव मोठ्याने रडला. राजनंदिनीने त्याला धरून ठेवलं. रडता रडता तो एकच म्हणत होता की, बोलली गं, माझ्याशी बोलली.

दुपार कलायच्या आत माणसं जमली. लंकाबाईला खाली घेतलं. कंपनीतले लोक आले, गल्लीतल्या बाया आल्या, लालमहंमद दुकान बंद करून आला आणि दाराशी टोपी सारखी करत उभा राहिला. सतरंज्या भरल्या. म्हातारी माणसं भिंतीला टेकली, काही उंबऱ्यावर बसली, काही जिन्यात उभी राहिली. ती खुर्ची सगळ्यांच्या मध्ये रिकामी होती. बसू नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ऊन उतरताना गोजरबाई पारनेरच्या गाडीने आली. जावेला उभ्यानेच हात जोडून ती रडली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिचे गुडघे कैक वर्षांपासून वाकत नव्हते, पंगतीतही ती स्टुलावर बसून जेवे. सहादेवला ते आठवलं. तो उठला आणि तिच्यासाठी ती खुर्ची ओढायला गेला. प्लॅस्टिकचीच खुर्ची, रोज एका हाताने उचलायचा. ती हलली नाही.

"ऱ्हाऊ दी," गोजरबाई हळूच म्हणाली.

ती खुर्चीकडे पाहत होती. मग भिंतीचा आधार घेत, दातांत पदर धरून, ती कण्हत कण्हत खाली सतरंजीवर बसली. पदर सोडून तिने तो डोक्यावरून पुढे ओढला, आणि खुर्चीकडे पाठ होणार नाही, अशी जरा सरकून बसली.